व्हिसावर काय लिहिलंय

त्या सकाळी मी ड्युटी संपवून हॉस्पिटलमधून थेट झेरॉक्सच्या दुकानात गेले. जागरणानं डोळे चुरचुरत होते, पण मन भलतंच ताजं होतं. पर्समध्ये माझा नवा पासपोर्ट होता आणि आदल्या दिवशी एजंट मॅडमनी हातात दिलेला व्हिसाचा कागद होता. बारा दिवसांनी मी आखातातल्या एका देशात स्टाफ नर्स म्हणून जाणार होते. निदान माझी तशी समजूत होती.

मी निफाडजवळच्या एका खेड्यातली. वडील मी सातवीत असतानाच गेले. आई द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला जायची, अजूनही जाते. घडातले खराब मणी कात्रीनं काढायचे, घड पेटीत भरायचे, पेटीवर लेबल लावायचं, हे तिचं काम. त्या पेट्या कंटेनरमधून परदेशी जातात. तिच्या हातून लाखो द्राक्षं परदेशी गेली असतील, पण आमच्या घरातलं माणूस कोणी मुंबईच्या पुढे गेलं नव्हतं. मी नर्सिंगचा कोर्स केला, नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात लागले आणि सातपूरला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहू लागले. ही मैत्रीण घोटीची, माझ्याच बॅचची. आम्ही एकाच वॉर्डात कामाला होतो, एकाच स्टोव्हवर स्वयंपाक करायचो आणि परदेशी जायचं स्वप्नही आम्ही दोघींनी मिळूनच पाहिलं होतं. एजंटकडे नावंही एकाच दिवशी नोंदवली होती.

झेरॉक्सचं ते दुकान सातपूरच्या बसथांब्यामागे आहे. शिफ्ट सुटली की कंपन्यांचे कामगार तिथे गर्दी करतात. कुणाला पीएफचा फॉर्म भरायचा असतो, कुणाला आधार दुरुस्त करायचं असतं. दुकान चालवणारे चाचा साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, जाडजूड बोटं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक बारीक जुने डाग होते. नर्स असल्यामुळे माझी नजर आधी त्या डागांवर गेली होती.

"सगळ्याच्या दोन-दोन," मी म्हटलं.

त्यांनी पासपोर्टची झेरॉक्स काढली. मग व्हिसाचा कागद उचलला, मशीनवर ठेवता ठेवता थांबले आणि चष्मा नाकावर ओढून वाचायला लागले. मला ते आवडलं नाही. आपले कागद असे कुणी वाचत बसावेत?

"बेटा, फिरायला चाललीस का?"

"नाही, नोकरीला. स्टाफ नर्स आहे मी."

"मग यावर व्हिजिट का लिहिलंय?"

"ते आत जाण्यापुरतं असतं. तिथे गेलं की बदलून देतात." हे मॅडमचं वाक्य मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"कोण बदलून देतं?"

"हॉस्पिटलवाले."

"कुठलं हॉस्पिटल?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला नाव माहीत नाही. "मोठं आहे," मी म्हटलं. "मॅडमनी फोटो दाखवला होता."

चाचांनी झेरॉक्स काढल्या, कागद नीट जुळवून पिन मारली आणि माझ्या हातात दिले. मी पैसे काढत होते तेवढ्यात हळूच म्हणाले, "जायच्या आधी एकदा परत ये. काही काम नसलं तरी ये."

खोलीवर आल्यावर मी मैत्रिणीला हे सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "त्यांना काय कळतंय? झेरॉक्स काढायची सोडून चौकशा करतात." मीही हसले. पण अंथरुणावर पडले तरी झोप लागेना. हॉस्पिटलचं नाव मला माहीत नाही, ही एवढीच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. मी पेशंटला साधी गोळी देतानाही तिच्यावरचं नाव तीनदा वाचते. आणि माझ्याच आयुष्याचा कागद मी नुसता घडी घालून पर्समध्ये ठेवला होता.

संध्याकाळी ड्युटीला जायच्या आधी मी पुन्हा दुकानात गेले. गर्दी ओसरली होती. चाचांनी स्टूल पुढे केलं आणि चहा मागवला.

"तू माझ्यावर चिडली असशील," ते म्हणाले. "चिड. पण आधी माझं ऐक. मी चोवीस वर्षांचा होतो. इथेच, सातपूरला, एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो. हात चांगला होता माझा. मुंबईच्या एका माणसानं सौदीला नोकरी लावून देतो म्हणून सांगितलं. वेल्डरची. व्हिसा आला. सगळा अरबीत."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"लहानपणी मदरशात शिकलोय, त्यामुळे अरबी वाचता येतं मला. अक्षर न् अक्षर वाचलं. अम्मीला मोठ्यानं वाचून दाखवलं. अम्मी रडायला लागली, की कुराणाच्या जबानमध्ये माझ्या पोराचं नाव आलं. सगळा मोहल्ला ऐकत होता. पण मतलब? मतलब कुणालाच येत नव्हता. पेशाच्या जागी 'मजरआ' असा एक शब्द होता. मला वाटलं कंपनीचं नाव असेल."

"मग?"

"मजरआ म्हणजे शेत."

विमानतळावरून त्यांना एका पिकअप गाडीत बसवून पाच तास आत नेलं. खजुराची झाडं, पाण्याचे पंप, बकऱ्या आणि एक पत्र्याची खोली. त्यांनी मालकाला हातवारे करून सांगितलं की मी वेल्डर आहे. मालकानं त्यांचाच व्हिसा काढून त्या शब्दावर बोट ठेवलं. जवळच्या गावात एक वर्कशॉप होतं, तिथला माणूस यांचं काम बघून खूश झाला, ये म्हणाला. पण जाणार कसे? व्हिसा शेतावरचा होता आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. दोन वर्षं ते त्या शेतावर राहिले. इकडे त्यांना मुलगी झाली. ते परत आले तेव्हा ती चालायला लागली होती आणि यांना बघून आईच्या मागे लपली.

"मालक वाईट नव्हता," चाचा म्हणाले. "जेवायला द्यायचा. पगार उशिरा, पण द्यायचा. त्याला शेतावर माणूस हवा होता, त्यानं शेतावरच्या माणसाचा व्हिसा काढला. खोटं बोलला तो मला इथून पाठवणारा. आणि मी वाचलं, पण समजून घेतलं नाही."

मग त्यांनी बिघडलेल्या झेरॉक्सचा एक कागद उलटा केला आणि पेन घेतलं. त्या दिवशी त्यांनी मला जे समजावलं, ते इतकं साधं होतं की इतके महिने मला ते कुणी सांगितलं कसं नाही, याचंच आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, दुसऱ्याच्या देशात जायचं तर दारावर विचारतात, काय म्हणून आलीस? फिरायला, शिकायला की कामाला? फिरायला म्हणालीस तर ठराविक दिवस राहा, बघ, आणि परत जा. तिथे काम केलंस तर तू गुन्हा केलास, आणि ज्यानं तुला कामाला लावलं तो पगार बुडवून मोकळा, कारण तक्रार घेऊन तू जाणार कुठे? शिकायला म्हणालीस तर आधी तिथल्या कॉलेजनं तुला घेतल्याचं पत्र पाहिजे, राहण्या-खाण्याचा खर्च दाखवावा लागतो, आणि शिकता शिकता किती तास काम करता येईल ते तो देश ठरवतो. कामाला म्हणालीस तर आधी नोकरीचं पत्र, त्यात मालकाचं नाव, तुझं काम, तुझा पगार. आणि नर्स असशील तर त्या देशाची परवानगी वेगळी. आपल्याकडची नोंदणी तिथे आपोआप चालत नाही.

"पण व्हिजिटवर जाऊन बदलून घेतलेल्या मुली आहेत," मी म्हटलं. "मॅडमनी एकीशी फोनवर बोलायलाही दिलं होतं."

"असतील. कधी कधी बदलतातही. पण ज्याच्या हातात नोकरीचं पत्र असतं त्याचा बदलतो. तुझ्या हातात काय आहे?"

माझ्या हातात चहाचा कप होता.

त्यांनी मला तीन प्रश्न लिहून दिले. नोकरीचं पत्र कुठे आहे? हॉस्पिटलचं पूर्ण नाव आणि पत्ता काय? परदेशी माणसं पाठवायला सरकारी नोंदणी लागते, तुमच्या ऑफिसचा तो नंबर काय? आणि म्हणाले, आखातातल्या बऱ्याच देशांत नर्स पाठवायला तर आपल्या सरकारनं ठराविक संस्थाच नेमून दिल्यात, तेही विचार. "भांडू नकोस. फक्त विचार. खरा माणूस असेल तर उत्तरं त्याच्या टेबलावरच असतील."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या ऑफिसात गेले. काचेचं केबिन, भिंतीवर मोठमोठ्या इमारतींची चित्रं. पहिल्या प्रश्नाला त्या हसल्या. दुसऱ्याला म्हणाल्या, "तुला आमच्यावर विश्वास नाही का?" तिसऱ्याला त्यांचं हसू गेलं. "हे बघ, जायचं नसेल तर सांग. तुझ्या मागे पन्नास जणी उभ्या आहेत."

"मला जायचं नाही," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून इतक्या पटकन कसं निघालं, ते मला अजून कळत नाही.

गावी आईला सांगणं अवघड होतं. एजंटला दिलेले पैसे तिच्या साठवणीतले होते, आणि ते बुडाल्यात जमा होते. गल्लीतल्या सगळ्यांना तिनं सांगून ठेवलं होतं की लेक फॉरेनला चाललीय. मी चाचांचं सगळं बोलणं तिला सांगितलं. ती लसूण सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "बरोबर हाय की त्याचं. द्राक्षाच्या पेटीवर थॉमसन लिहायचं अन् आत सोनाका भरायचा, आसं आमच्याकडं चालत नाय. बंदरावर उघडून बघत्यात. लेबल येगळं अन् माल येगळा निघाला तर आख्खा कंटेनर परत येतो."

"आई, पैसे गेले गं."

"पैसे गेले. तू हायेस ना घरात?" एवढंच. नंतर आजपर्यंत तिनं त्या पैशांचा विषय एकदाही काढला नाही. याबद्दल मी तिचे आभार कधी मानले नाहीत, आमच्याकडे आईचे आभार मानायची पद्धत नाही. इथे लिहिते आहे.

माझ्या मैत्रिणीला मात्र मी थांबवू शकले नाही. मी सांगितलं तेव्हा ती चिडली. "तुला भीती वाटते म्हणून मलाही थांबवतेस." घरी धाकट्या दोन बहिणी होत्या तिला. मी आणखी जोर लावायला हवा होता. पण भांडण नको म्हणून गप्प बसले. निघायच्या दिवशी तिला बसमध्ये बसवताना एवढंच म्हटलं, "काहीही झालं तरी पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नकोस. माझ्यासाठी एवढं ऐक." तिनं मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

सात आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. ती इतकं हळू बोलत होती की आधी मला आवाजच ओळखू आला नाही. हॉस्पिटल नव्हतंच. एका घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला लावलं होतं, शिवाय धुणी-भांडी. राहायला एका खोलीत सहा जणी. व्हिसाचे आठ दिवस उरले होते, आणि ज्यानं बदलून देतो म्हटलं होतं तो फोन उचलत नव्हता.

मी फोन चालू ठेवूनच चाचांच्या दुकानात धावले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. पहिला प्रश्न विचारला, "बेटा, पासपोर्ट कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. उशीच्या खोळीत."

चाचांनी डोळे मिटले. "अल्लाचे उपकार," म्हणाले. मग तिला शांतपणे सांगितलं, व्हिसाचे दिवस संपायच्या आत निघायचं, घाबरायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही. आपल्या दूतावासात अडकलेल्या लोकांसाठी माणसं असतात. त्यांनी कॉम्प्युटरवर सरकारी साइट उघडून नंबर शोधला, एक एक आकडा तिच्याकडून परत म्हणून घेतला. दुकानात सातआठ गिऱ्हाइकं उभी होती. कुणी घाई केली नाही. कंपनीचा युनिफॉर्म घातलेल्या एका माणसानं तर उठून मला स्टूल दिलं.

दूतावासातल्या एका बाईंनी तिला धीर दिला, काय करायचं ते सांगितलं. घोटीच्या तिच्या वडिलांनी तिकीट पाठवलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी ती परत आली. मी तिला आणायला मुंबईला गेले होते. ती बाहेर आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "तुझी एकच गोष्ट ऐकली मी." आज ती घोटीलाच एका दवाखान्यात नर्स आहे. तिला दोन मुलं आहेत. परदेशाचा विषय निघाला की ती उठून चहा टाकायला जाते.

मी परदेशाचा नाद सोडला असता. पण काही महिन्यांनी आमच्या एका सिनियर सिस्टरचा जर्मनीहून फोन आला. तिथे नर्स हव्या आहेत, रीतसर घेतात, पण भाषा शिकावी लागते, असं ती म्हणाली. तिनं तिच्या हॉस्पिटलची माहिती पाठवली. मी ती छापून घ्यायला चाचांकडेच गेले. त्यांनी पानं उलटीसुलटी केली.

"ही जबान मला येत नाही," ते म्हणाले. "हा कागद मी तुला वाचून देऊ शकत नाही. तुलाच शिकावं लागेल."

मग मी शिकले. नाशिकमध्येच क्लास लावला. पाळी सकाळची असली की दुपारी क्लास, रात्रपाळी असली की सकाळी. जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून आई म्हणाली, "आसली कसली भाषा?" वाचणं, लिहिणं, ऐकणं जमत गेलं. बोलणं जमेना. नाशिकमध्ये जर्मन बोलणार कोणाशी? क्लासच्या बाहेर माझं ऐकायला एकच माणूस तयार होता. बुधवारी दुकान मोकळं असायचं. मी स्टुलावर बसून चाचांना जर्मनमध्ये माझा दिवस सांगायची. पेशंट कसा पडला, डॉक्टर काय म्हणाले, डाळ कशी करपली. ते टोनर बदलता बदलता मान डोलवायचे. मी अडखळले की विचारायचे, "अटकलीस का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे वर गेले तुझे."

नर्सला लागणाऱ्या बी-टू पातळीच्या परीक्षेत मी बोलण्यातच नापास झाले. निकाल आला त्या दिवशी मी दुकानाकडे फिरकले नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनीच फोन केला. "शेतावर मी चार महिन्यांत अरबी बोलायला शिकलो," म्हणाले, "कारण बोललो नाही तर पाणी मिळायचं नाही. तू डाळीबद्दल कमी बोल, पेशंटबद्दल जास्त बोल. तुला तिथे तेच लागेल." दुसऱ्या खेपेला मी पास झाले. घाबरलेल्या रुग्णाला कसं समजावाल असं परीक्षकांनी विचारलं होतं, आणि ते तर मी रोजच करते.

मग कागद सुरू झाले. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या आडनावात इंग्रजीचं एक अक्षर जास्त होतं आणि नर्सिंगच्या नोंदणीत नव्हतं. मला ते कधी दिसलंच नव्हतं. चाचांना दिसलं. "ही दोन वेगळी माणसं आहेत," ते म्हणाले. ते दुरुस्त करण्यात अडीच महिने गेले. त्यानंतर जर्मनीतल्या एका सरकारी कार्यालयानं माझं सगळं शिक्षण तपासून पत्र पाठवलं, की तुमचं एवढं शिक्षण आमच्याइतकं आहे, एवढं कमी पडतं. कमी पडतं ते तिथे जाऊन भरून काढायचं, परीक्षा द्यायची, आणि तोवर नर्स नव्हे तर मदतनीस म्हणून काम करायचं. व्हिसाही त्याच कारणासाठीचा. पहिल्यांदा ते वाचून मला वाईट वाटलं. सात वर्षं आयसीयू सांभाळून मी मदतनीस? पण त्या पत्रातलं प्रत्येक वाक्य मला कळत होतं. वाईट बातमी असली तरी ती स्पष्ट शब्दांत होती, आणि ती मी स्वतः वाचली होती.

मुंबईला व्हिसाचा अर्ज द्यायला आई माझ्याबरोबर आली. ती बाहेर फुटपाथवर डबा मांडीवर घेऊन बसली. आत काचेपलीकडच्या बाईंनी माझे कागद पाहिले आणि विचारलं, "तिथे पहिल्या दिवसापासून तुम्ही नर्स म्हणून काम करणार का?"

"नाही," मी म्हटलं. "आधी मदतनीस म्हणून. कोर्स आणि परीक्षा झाल्यावर नर्स म्हणून. हा व्हिसा त्या परीक्षेसाठी आहे. पास झाल्यावर तिथल्या कार्यालयात दुसरा परवाना घ्यावा लागेल."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "समजून आलात तुम्ही," म्हणाल्या. या तीन शब्दांचा मला झाला तितका आनंद नंतर व्हिसा हातात आल्यावरही झाला नाही.

बाहेर आले तेव्हा आईनं विचारलं, "काय म्हनले?" मी म्हटलं, "समजून आलात, म्हणाल्या." आई म्हणाली, "मग? शिकल्याली हायेस तू," आणि डब्याचं झाकण उघडलं.

व्हिसा सहा आठवड्यांनी आला. जायच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले, तेव्हा चाचांनी काही उपदेश केला नाही. माझ्या सगळ्या कागदांचा एक संच त्यांनी आधीच काढून पाकिटात घालून ठेवला होता. म्हणाले, हा संच आईकडे ठेव, तिकडे काही हरवलं तर इथून पाठवता येईल. मी पैसे द्यायला गेले तर मशीनकडे तोंड करून उभे राहिले.

आता मला तिकडे चार वर्षं झाली. पहिलं वर्ष कठीण गेलं. थंडीपेक्षा मला शांततेचा त्रास झाला. पेशंटना आंघोळ घालणं, भरवणं, अंथरुणं बदलणं हेच काम होतं, आणि त्यातूनच मी त्यांची भाषा खरी शिकले. परीक्षा पास झाले. आता मी तिथे नर्स आहे, माझ्या कोटावर माझं बरोबर स्पेलिंग असलेलं नाव आहे. पगार चांगला आहे आणि वेळेवर होतो. कधी आजारी पडले तर काय, सुट्टी किती, नोकरी बदलायची तर काय करायचं, हे सगळं मला माहीत आहे, कारण ते करारात लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलेलं आहे. आमच्या वॉर्डात दुसऱ्या देशांतून नव्या मुली येतात. त्यांना मी कॅन्टीनमध्ये घेऊन बसते आणि त्यांच्या करारातलं एकेक कलम समजावते. त्यांना वाटतं मी फार प्रेमळ आहे.

गेल्या सुट्टीत आई म्हणाली, "मला त्यांना भेटायचंय." इतक्या वर्षांत तिची आणि चाचांची गाठ पडली नव्हती. आम्ही निफाडहून बसनं नाशिकला आणि तिथून सातपूरला गेलो. आईनं नवी साडी नेसली होती आणि पिशवीत बेदाणे होते, तिनं स्वतः निवडलेले. दुकानासमोर आल्यावर ती एकदम बुजली. मग पुढे होऊन पिशवी काउंटरवर ठेवली.

"भाऊ, लय उपकार हायेत तुमचे. बिनबापाच्या पोरीला तुम्ही वाट दाखवली."

पांढऱ्या दाढीतून चाचांचा चेहरा लाल झालेला दिसत होता. "मी काय केलं, ताई? मी तर झेरॉक्स काढतो," ते म्हणाले. मग त्यांनी फोन करून चाचींना बोलावून घेतलं. चाची मागच्या गल्लीतून शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या, ईद होऊन आठवडा झाला होता तरी. दोघी बायका बाकावर बसून गुडघेदुखीवर बोलायला लागल्या.

चाचा मला म्हणाले, "आम्ही दोघं उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला चाललोय. पुढच्या महिन्यात."

"सौदीला? परत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्या जमिनीचा काय दोष?" ते म्हणाले. "तेव्हा मी तिथे दोन वर्षं होतो, पण मक्का बघायला मिळालं नाही. शेतावरून सोडायचे नाहीत. आता तिच्याबरोबर बघीन." त्यांनी चाचींकडे पाहिलं. चाची आईला शीरखुर्मा वाढत होत्या आणि आई नको नको म्हणत वाटी पुढे करत होती.

परतीच्या बसमध्ये आई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. द्राक्षाच्या बागा सुरू झाल्या तेव्हा म्हणाली, "मला यायचं झालं तुझ्याकडं, तर कंचा व्हिसा लागतो?"

"भेटायला येण्याचा. मी तिकडून बोलावल्याचं पत्र पाठवायचं, तुझे कागद, विमा, परतीचं तिकीट. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे."

"अन् तिथं ग्येल्यावर मी तुझ्यासाठी सैपाक केला तर? त्ये काम धरत्यात का?"

"नाही गं. स्वतःच्या लेकीसाठी केलेला स्वयंपाक चालतो."

तिनं थोडा विचार केला. "मग भर फारम," म्हणाली. "पर हंगाम सरल्यावर. आत्ता पॅकहाउसला मान्सं कमी हायेत."